ऑपरेशनच्या आधी लिहिलेला कागद

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कचेरीसमोर, टिनाच्या शेडखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. नामांतरणाचे म्हणजे जमिनीच्या फेरफाराचे, वारसाचे, जामिनाचे, आणि बापानं कोऱ्या कागदावर दिलेला अंगठा खरा की खोटा याचेसुद्धा. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. कागद हिंदीत निघतात. बोलणं मात्र जसा माणूस येईल तसं होतं, कधी हिंदी, कधी आपली मराठी. सव्वीस वर्षं हेच करतो आहे. या कामानं मला दोन खोल्यांचं पक्कं घर दिलं आणि एक खोडही दिली. कोणी आपलं म्हणणं सांगायला लागला की तो काय सांगत नाहीये, तेच मी ऐकत बसतो.

त्या हिवाळ्यात नकलांच्या खोलीकडे जाताना दुसऱ्या माळ्याच्या पायऱ्यांवर मला थांबावं लागलं. छातीवर कोणी धानाचं पोतं ठेवावं तसं झालं आणि डाव्या जबड्यात दुखलं. गॅस असेल म्हणून मी सोडून दिलं. चार दिवसांनी घरासमोर स्कूटर ढकलताना पुन्हा तसंच झालं आणि या वेळी बायकोनं पाहिलं. तिनं मला कपडेही बदलू दिले नाहीत. गावातल्या डॉक्टरानं ईसीजीची पट्टी काढली, ती दोनदा पाहिली आणि नागपूरला आजच जा म्हणून चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात नागपूरच्या एका हॉस्पिटलचं नाव आधीच छापलेलं होतं. मी विचारलं, "हे नाव कोणी छापलं?" डॉक्टर म्हणाला, "आप अभी ये सब मत सोचिए."

मी तेच सोचत राहिलो. चार तासांचा रस्ता होता. गाडीही त्या डॉक्टरानंच सांगितलेली. नागपूरला पोचल्यावर ड्रायव्हर आमच्या आधी काउंटरवर गेला, एका रजिस्टरमध्ये सही केली आणि एक पाकीट खिशात घालून बाहेर आला. मी चाकाच्या खुर्चीत बसून ते पाहिलं. बायको फॉर्म भरत होती, तिला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटातून नळी घालून तपासणी झाली. तिथल्या तरुण डॉक्टरानं पडद्यावर काळ्या धाग्यांसारखं काहीतरी दाखवलं आणि सांगितलं की तीन नळ्या बंद होत आल्यात, त्यातली एक मुख्य आहे, बायपास करावं लागेल, आणि उद्याच केलं तर बरं. खर्च चार लाखांच्या घरात. तो नीट बोलत होता, मराठीतून बोलत होता, घाईतही नव्हता. मला मात्र ड्रायव्हरचं पाकीट दिसत होतं. बालाघाटच्या माणसाला गाडीत घालून आणतात, पडद्यावर काहीतरी हलतं दाखवतात आणि उद्याची तारीख देतात. तो पडदा माझ्याच काळजाचा होता हे मला कोण सांगणार?

मी घरी जातो म्हटलं. त्यांनी एक फॉर्म पुढे केला, स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याचा. मी तो दोनदा वाचला, त्यातल्या एका वाक्यात क्रियापद चुकलं होतं ते दुरुस्त केलं आणि सही केली. तपासणीची सीडी मागून घेतली.

परतताना आम्ही रेल्वेनं आलो. गोंदियापर्यंत बायको खिडकीबाहेर पाहत होती. गोंदियाला गाडी बदलून बसल्यावर तिनं विचारलं, "तुमाले मरायचं हाये का?"

"मले फसायचं नाई."

"मंग फसा एकदाचे," ती म्हणाली. "पन जिवंत राहून फसा."



घरात आमची एकच मुलगी, कॉलेजात शिकणारी. ती माझ्याशी हिंदीतच बोलते. तिनं मला न विचारता ती सीडी उचलली आणि गोंदियाला एका म्हाताऱ्या डॉक्टराकडे घेऊन गेली. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले हृदयाचे डॉक्टर, आता फक्त सल्ला देतात. संध्याकाळी ती परत आली आणि म्हणाली, "पापा, कल आपको बुलाया है. पैदल बिल्कुल नहीं चलना." सीडी कोणाला दाखवलीस, तो कोणाचा ओळखीचा, तुला त्याचं नाव कोणी सांगितलं, असं मी तिला एखाद्या साक्षीदारासारखं विचारत राहिलो. ती उत्तरं देत राहिली आणि शेवटी उठून स्वयंपाकघरात गेली.

त्या डॉक्टरांच्या खोलीत जुना संगणक होता. त्यांनी सीडी पुन्हा लावली आणि पेनाच्या टोकानं एक जागा दाखवली. "इथून रक्त जायला हवं. जात नाहीये. तुम्ही स्टेशनवरून इथपर्यंत आलात हेच फार झालं."

मी त्यांना ड्रायव्हरच्या पाकिटाचं सांगितलं.

"मिळालं असेल पाकीट," ते म्हणाले. "मिळतं. पाकीट खरं आहे आणि तुमची नळी बंद आहे हेही खरं आहे. एक खरं आहे म्हणून दुसरं खोटं होत नाही."

त्यांनी नागपुरातल्याच एका धर्मादाय हॉस्पिटलचं नाव लिहून दिलं. तिथे अडीच लाखांत होईल, औषधं वेगळी. मी चिठ्ठी घेतली आणि विचारलं, "तुमचं यात काही?"

"काही नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही त्यावर विश्वास ठेवू नका. ऑपरेशन तेवढं करा."

आता पैशाचं. मोफत उपचाराच्या सरकारी कार्डाच्या यादीत आमचं नाव नव्हतं. विम्याचा एक माणूस दोन वर्षं माझ्या शेडखाली येत होता आणि मी त्याला दोनदा उठवून लावलं होतं. बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं ते मला शिकवू नको, असं मी त्याला चार लोकांसमोर म्हटलं होतं. आता त्या बारीक अक्षरांचाही काही उपयोग नव्हता. पोस्टात होतं ते काढलं. बायकोनं गोफ आणि पाटल्या काढून दिल्या, आणि सराफाकडे मी सोबत येऊ नये म्हणून सांगितलं. "तुमी तिथं त्याच्या काट्यावर भांडान," ती म्हणाली. तरी दीड लाख कमी पडत होते.

मग मला दिसायला लागलं की बायको मागच्या अंगणात जाऊन फोनवर बोलते. मी आत आलो की फोन बंद करते. एकदा मला एवढंच ऐकू आलं, "त्याइले आताच नोका सांगू." मी विचारलं, कोण होतं? ती म्हणाली, शेजारीण. शेजारीण तेव्हा आमच्या दारात मिरच्या वाळवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी किरनापूरहून फोन आला. तिथल्या तहसिलीत माझ्यासारखाच अर्ज लिहिणारा एक ओळखीचा माणूस बसतो. तो म्हणाला, "आपका भाई कल खसरे की नकल ले गया है. दोनों टुकड़ों की. आपके वाले की भी."

खसऱ्याची नकल म्हणजे शेताच्या नंबराचा उतारा. माझा धाकटा भाऊ किरनापूरजवळच्या आमच्या गावी राहतो. बाबा गेल्यावर शेताचे दोन तुकडे झाले, एक त्याच्या नावावर, एक माझ्या. माझा तुकडा कालव्याला लागून आहे आणि दोन्ही तोच कसतो. आमचं भांडण असं कधी झालं नव्हतं. पण मी रोज भावाभावांचे कागद लिहितो. न भांडणारे भाऊ एका सकाळी काय करतात ते मला ठाऊक होतं. बायकोचं कुजबुजणं आणि त्यानं काढलेली नकल मी एकत्र जोडली. मी ऑपरेशनच्या टेबलावर असताना माझा तुकडा जाणार, आणि माझ्याच घरातून त्याला मदत आहे, असं मी त्या दुपारी पक्कं ठरवलं.

तो रविवारी सकाळच्या बसनं आला. चप्पल बाहेर काढली, पाणी प्यायला आणि बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत बसला. बायको दाराशी उभी होती.

"दादा," तो म्हणाला, "पैसे होऊन जाईन. दीड लाख हायेत. माया सासऱ्यानं देल्ले होते, बायकोच्या नावानं बँकेत होते. वहिनीनं मले फोन केलता. तुमाले आताच सांगाचं नाई असं आमी दोघायनं ठरवलं. हो-नाई झालं तर तुमी उगाच आस लावून बसान."

त्यानं पिशवी मांडीवर घेतली.

"पन तिचं म्हननं हाये का काहीतरी लिहून असावं. तिचा पैसा हाये, दादा. माया असता तर म्या म्हनलो नसतो. म्हून म्या नकला घेऊन आलो. तुमाले कचेरीत चढा-उतरा लागू नये." त्यानं पिशवीतून दोन घड्या केलेले कागद काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

सगळ्याचा उलगडा झाला होता. एखाद्या दुसऱ्या माणसाला तेवढ्यानं हलकं वाटलं असतं. मला वाटलं, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाजवळ असंच एक चांगलं कारण तयार असतं.

स्टॅम्पपेपर माझ्या पेटीत नेहमीच असतात. मी लॅपटॉप उघडला आणि इकरारनामा लिहायला बसलो. तीन वर्षांत रक्कम परत न केल्यास कालव्यालगतचा माझा दीड एकराचा तुकडा भावाच्या बायकोच्या नावे करून देईन. तो तुकडा खसरा नंबर दोनशे चौदा बटे दोन. मी दोनशे एक्केचाळीस बटे दोन असं लिहिलं.

बोट चुकलं नव्हतं. असे कागद मी आयुष्यभर पाहिलेत, दोन आकडे उलटेसुलटे झालेले, आणि त्यावरून वर्षानुवर्षं चाललेले खटले. उद्या कोणी हा कागद घेऊन उभा राहिला तर टंकनदोष म्हणता येईल. दोनशे एक्केचाळीस गावात दुसऱ्या कोणाचं तरी होतं. माझा तुकडा सुटला असता.

कागद छापून मी मोठ्यानं वाचून दाखवला, गिऱ्हाइकाला दाखवतो तसा भरभर. नंबराशी आलो तेव्हा तोंडानं बरोबर नंबर वाचला, दोन सौ चौदह. भावानं कागद हातात घेतला. थोडा वेळ पाहिला. मग "ठीक हाये" म्हणून सही केली. साक्षीदार म्हणून शेजारी आणि बायको. बायकोनं न वाचताच सही केली, तिला स्वयंपाकाकडे जायचं होतं.

तीन दिवसांनी नागपूरला ऑपरेशन झालं. त्याआधी भावानं आणि गावाकडून आलेल्या दोघांनी रक्त दिलं. मला आत नेताना मी भूल देणाऱ्या डॉक्टरणीला विचारलं की कागदावर लिहिलेलीच औषधं वापरता ना. ती म्हणाली, "काका, दीर्घ श्वास घ्या." पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी होती, हात बांधलेले होते आणि डोक्यात पहिली गोष्ट आली ती म्हणजे तो नंबर. आपण जगलो हे त्यानंतर लक्षात आलं.

वॉर्डात आणल्यावरही माझं सुरू होतं. कोणती बाटली लावली, किती इंजेक्शनं झाली, हे मी फाइलच्या मागे खुणा करून ठेवायचो. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि खुणा चुकल्या. पण त्या सगळ्यापेक्षा मी भावाचं तोंड पाहायचो. तो अकरा दिवस तिथे राहिला. जवळच्या धर्मशाळेत जेवायचा, दिवसभर माझ्या खाटेशी बसायचा. नागपुरात वकील जागोजागी असतात. एखाद्याला त्यानं तो कागद दाखवला असेल, आज कळलं असेल, उद्या कळेल, असं मी रोज सकाळी तो दारातून आत येताना त्याच्या चेहऱ्यावर शोधायचो. चेहरा रोज सारखाच असायचा, थोडा झोपाळलेला.

छातीचं हाड मधोमध चिरलेलं असतं. कफ साचू नये म्हणून खोकावं लागतं, आणि खोकताना छातीवर उशी दाबून धरावी लागते. मला भीती वाटायची, टाके उसवतील. भाऊ दोन्ही हातांनी उशी धरायचा. "खोका दादा, म्या धरलं हाये." मी त्याच्या हातांवर जोर देऊन खोकायचो, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तो दुसरीकडे पाहायचा.

घरी आल्यावर दोन महिने मी शेडकडे गेलो नाही. अंगणातच चालायचो, मुलगी मोबाइलवर मिनिटं मोजायची. तब्येत सुधारत होती, आणि जसजशी सुधारत होती तसतसं मला बसवत नव्हतं. आजारी असताना केलेल्या गोष्टीला आजाराचा आडोसा होता. आता तोही निघून चालला होता.

एका सकाळी जरा फिरून येतो म्हणून मी निघालो आणि किरनापूरच्या बसमध्ये बसलो. पिशवीत नवा स्टॅम्पपेपर होता, बरोबर नंबर टाकून छापलेला. किरनापूरहून गावापर्यंत ऑटो केला. भाऊ अंगणात पाण्याच्या पाइपाचा जोड बांधत बसला होता. मला पाहून उठला आणि खाट ओढून दिली.

"एकटेच आले? वहिनीले सांगून आले का नाई?"

मी त्याला म्हटलं, "त्या कागदात एक चूक झाली."

तो परत पाइपाशी बसला. "हौ," तो म्हणाला. "दोनशे एक्केचाळीस झालं."

"कवा पायलं तू?"

"त्याच दिशी. तुमच्या समोर." त्यानं तार आवळली. "दादा, दरसाल धान विकाले सोसायटीत नाव लावून पंजीयन करतो तवा तोच नंबर भरतो ना म्या. बाबाच्या वावराचा नंबर मले नाई माहीत असन का?"

"मंग बोलला काहून नाई?"

"काय बोलू? टायपात चूक असती तर म्हनलो असतो. तुमी वाचतानी बरोबर वाचला." तो माझ्याकडे न पाहता बोलत होता. "तवा समजलं का चूक नोहोय."

"आन् तरी पैसे देले?"

"तुमाले ऑपरेशन लागत होतं."

मी खाटेच्या कडेवर बसून राहिलो. छातीच्या हाडात अधूनमधून येते तशी कळ आली. आणि खोटं कशाला सांगू, त्याही वेळी माझ्या मनात आलं की यानं हे दोन महिने जपून ठेवलं कशासाठी? कधी वापरायला? त्यानं वर पाहिलं आणि हळूच म्हणाला, "हिले सांगतलं नाई म्या. तुमीबी नोका सांगू. नवा कागद आनला असन तर ठेवून जा, म्या बदलून टाकतो."

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. भाऊ मान हलवून मला नको म्हणत होता. मी तिला सांगितलं. सगळं नाही जमलं, पण नंबर मी मुद्दाम उलटा लिहिला एवढं सांगितलं.

तिनं चहा खाली ठेवला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग नवऱ्याला म्हणाली, "तुमाले माहीत होतं?" तो पुन्हा पाइपाच्या जोडाकडे वळला.

"म्हंजे दोन महिने मायाजवळ दुसऱ्याच्याच वावराचा कागद होता," ती म्हणाली. "अन् म्या तो देवाजवळ ठेवलता."

मी नवा कागद काढला आणि वाचून दाखवायला लागलो. तिनं हात पुढे केला. "नाई भाऊजी, इकडं द्या." आत जाऊन तिनं पेटीतून शेताची बही, म्हणजे नंबरांची सरकारी पुस्तिका, आणली, जमिनीवर बसली, आणि एका बोटानं बहीतला आणि दुसऱ्या बोटानं कागदावरचा एकेक आकडा जुळवत गेली. हिंदी तिला सावकाश वाचता येत होती. पाव तास लागला असेल. मी आणि भाऊ समोर बसून होतो, चहावर साय धरली. शेवटी तिनं विचारलं, "सही कोनाकोनाची पायजे?" मी सांगितलं. तिनं गावातले दोन साक्षीदार स्वतः बोलावून आणले.

संध्याकाळच्या आधी मी घरी पोचलो. बायको दारातच उभी होती. कुठे गेलते, एकटे कसे गेले, फोन काहून उचलला नाही, सगळं विचारून झाल्यावर मी तिला आत बसवलं आणि सांगितलं. ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "त्या पयल्या कागदावर साक्षीदार म्हून मायी सही घेतली होती ना तुमी?"

"हौ."

"म्हंजे मलेबी त्यात घातलं."

भावाचं मी मनात हजारदा उलटसुलट केलं होतं. हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. बायको उठली, बाहेर वाळत घातलेले कपडे काढून आणले आणि घड्या घालत बसली. मीही एक चादर घेतली. वर हात करायची मला अजून मनाई होती, म्हणून ती तिनं माझ्या हातातून काढून घेतली.

दीड लाखांपैकी साठ हजार आतापर्यंत परत गेलेत. शेडखाली मी आता अर्धा दिवस बसतो. दर सहा महिन्यांनी नागपूरला दाखवायला जावं लागतं, तेव्हा भाऊ गोंदियाला येऊन गाडीत बसतो. आम्ही धानाच्या जातींबद्दल आणि कालव्याच्या पाण्याबद्दल बोलतो. त्या कागदाबद्दल मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यानं "जाऊ द्या ना दादा" म्हटलं, आणि दोन्ही वेळा मला वाटलं की याच्या मनात अजून काहीतरी आहे. असेलही. त्याची बायको माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखी आपणहून फोन करत नाही.

घरात लाइट बिल आलं, बँकेचा फॉर्म आला, मुलीच्या कॉलेजचं काही आलं, तर बायको आधी चष्मा मागते. खुर्ची दिव्याखाली ओढते आणि पहिल्या ओळीपासून वाचत जाते. कुठे सही करायची ते दाखवायला मी बोट पुढे केलं, तर ती माझं बोट बाजूला करते आणि वाचत राहते.